दम छातीत, भीती मनात

गेल्या हिवाळ्यात साठी उलटलेले एक शेतकरी मुलाबरोबर दवाखान्यात आले. विडी सुटली होती, पण सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, मागे राहिला होता. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, औषध चालू आहे, तरी अण्णा पारावरही जात नाहीत. जेवण तुटलंय. रात्री दचकून उठून बसतात."

फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी गेल्या वर्षीइतकीच आली. मग विचारले, "अण्णा, भीती कशाची वाटते?" ते हळूच म्हणाले, "वाटेत दम अडकला तर?" आणि डोळे पुसू लागले. हा प्रश्न मी वर्षभर विचारला नव्हता, याची मला खंत वाटली.

या आजारात आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. त्यामुळे हवा आणखी कोंडते, दम वाढतो आणि दमाबरोबर भीतीही वाढते. उदासीनतेचेही असेच होते. चालणे थांबते, पायांचे स्नायू दुबळे होतात आणि थोड्या श्रमानेही धाप लागते. पंप घेण्याचाही कंटाळा येतो. म्हणूनच सारखाच रिपोर्ट असलेल्या दोघांपैकी एक बाजारहाट करतो, तर दुसरा खाट धरतो.

यावर उपाय आहेत. दम लागल्यास बसावे, किंचित पुढे वाकून हात मांड्यांवर टेकावेत. नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडावा. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप किंवा भूक गेली, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. समुपदेशनाचा व औषधांचा उपयोग होतो. मात्र झोपेची गोळी मनाने घेऊ नये, काही गोळ्यांनी श्वास मंदावतो. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेलि-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

एक इशारा: दम एकाएकी वाढला, ओठ निळे पडले किंवा गुंगी आली, तर ती नुसती भीती समजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

अण्णा आधी अंगणात, मग फाटकापर्यंत चालू लागले. सोबतीला नातू असे. त्यांचा रिपोर्ट आजही तोच आहे, पण संध्याकाळी ते पारावर असतात. घरात असा रुग्ण असेल, तर "औषध घेतलं का?" याबरोबरच "मन कसं आहे?" हेही विचारा.