गोळी केव्हा, विचार केव्हा

तुर्भ्याच्या मार्केट यार्डात पोती वाहणारा एक माथाडी कामगार डोळ्यांसमोर आणा. वय पंचेचाळीस, गाव पाटण तालुक्यातलं, बिऱ्हाड कोपरखैरण्यात. दोन महिन्यांपासून त्याला पहाटे तीनला जाग येते, ती येतेच. जेवण जात नाही, पाठ भरून येते, टोळीतल्या माणसांशी बोलणंही नको वाटतं. ‘नैराश्य’ हा शब्द तो उच्चारणार नाही. तो म्हणेल, ‘कशात मन लागंना.’ मग कुणी ताकदीचं इंजेक्शन घ्यायला सांगतं, कुणी बाहेरचं बघून यायला. भावकीतला एखादा जाणता सल्ला देतो, ‘डोक्यात विचार आणू नको, झालं.’ एवढ्यातून तो मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचलाच, तर घरात नवा वाद उभा राहतो: आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या, की मन घट्ट करून, विचार बदलून भागेल?

डॉक्टरांच्या टेबलावर मात्र हा प्रश्न बराच उशिरा येतो. त्याआधी ते दुसऱ्याच गोष्टी विचारतात. उदासी किंवा कशातच रस नसणं सलग दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ आहे का? झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, जगू नये असं वाटणं यांतलं काय काय सोबत आहे? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासलंय का? दारू किती? यातला एक प्रश्न घरच्यांना फारच विचित्र वाटतो: पूर्वी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे झोप नाही तरी उत्साह ओसंडतोय, पैसा उधळला जातोय, बोलणं थांबत नाही? तो विचारायलाच हवा. तसा इतिहास असेल तर आजार द्विध्रुवीय असू शकतो आणि नुसती नैराश्याची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. बऱ्याच ठिकाणी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावलीही भरून घेतात. तिचे गुण 0 ते 27. दहाच्या आत असले तर त्रास सौम्य, विशीत गेले तर तीव्र. गोळी की विचार, हे ठरवायला सुरुवात होते ती आजाराच्या या खोलीवरून.

आता गोळीकडे वळू. तिच्या कहाणीत मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीने रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. तीन वर्षांनी तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी पुढे येऊ लागल्या. रेसरपिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिता होतो, हेही प्रयोगशाळेत दिसलं. दुसरीकडे 1952 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड या नव्या औषधाने रुग्ण चक्क आनंदी झाले. ते औषध नेमकं उलटं काम करत होतं, म्हणजे सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा नाश रोखत होतं. दोन्ही टोकं जुळवून सिद्धान्त बांधला गेला: मेंदूतली ठरावीक रसायनं कमी झाली की नैराश्य येतं.

हा सिद्धान्त इतका सोपा होता की तो डॉक्टरांच्या तोंडून थेट घराघरांत गेला. ‘तुमच्या मेंदूत केमिकल लोचा झालाय’ हे वाक्य तिथूनच आलं. रुग्णाच्या डोक्यावरचा दोष उतरतो म्हणून ते मला वाईट वाटत नाही, पण ते अपुरं आहे. नैराश्यात सेरोटोनिन कमीच असतं याला ठोस पुरावा नाही, असं 2022 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. त्यावरून लगेच ‘म्हणजे गोळ्या थोतांड’ असा निष्कर्ष काढणारेही निघाले. क्रोसिनने ताप उतरतो, म्हणून ताप काही अंगात क्रोसिन कमी पडल्याने येत नाही. आणि तसा तो येत नाही म्हणून क्रोसिन खोटी ठरत नाही. 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये 21 औषधांच्या 522 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यांत 1,16,477 रुग्ण होते. एकवीसही औषधं बनावट गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने मध्यमच होता. आजार जितका तीव्र, तितका औषधाचा फायदा ठळक, असंही इतर अभ्यासांतून दिसतं.

गोळी सुरू केल्यावर काय होतं, हे आधीच कळलेलं बरं. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता येते, गुण मात्र दिसत नाही. तो दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तरुणांमध्ये याच सुरुवातीच्या काळात बेचैनी आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राहायचं. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. त्रास आज, आराम पुढच्या महिन्यात, मग डबी कपाटात. ज्यांना आराम पडतो ते पुढे वेगळी चूक करतात. ‘आता बरा आहे’ म्हणून गोळी एकदम सोडतात. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने ती चालू ठेवून मग हळूहळू कमी करायची असते. सवय लागण्याची भीती मुख्यतः झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची असते. ही गोळी तशी चटक लावत नाही. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड होते, एवढं खरं.

विचारांची बाजू याहून वेगळी आहे, आणि तिचा खरा शत्रू आहे ‘सकारात्मक राहा’ हा उपदेश. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडलेली पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने ती मराठी वाचकाला ओळखीची आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी ‘स्वभाव-विभाव’ या पुस्तकात ती सोप्या मराठीत आणली. तिचा गाभा असा: घटनेने माणूस थेट खचत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये एक समजूत उभी असते, ती त्याला खचवते.

आपल्या माथाडीचा मुलगा बारावीत नापास झाला, ही घटना. तो पहाटे तीनला छताकडे बघत पडतो, हा परिणाम. मधली समजूत विचारून विचारून बाहेर काढावी लागते: ‘पोरानं शिकलंच पाहिजे. नाहीतर माझी उभी हमाली वाया गेली, मी बाप म्हणून नालायक.’ आता समुपदेशक ‘सगळं छान होईल’ म्हणत नाही. तो विचारतो, ‘शिकावं’ ही इच्छा ‘शिकलंच पाहिजे’ कधी झाली? एका निकालाने अख्खा बाप कसा मोजला? टोळीतल्या दुसऱ्याचा मुलगा नापास झाला असता तर त्याला नालायक म्हणाला असतास का? हे प्रश्न एकदा विचारून भागत नाही. आठवडाभर वहीत तीन रकाने आखून लिहायचं, पुढच्या भेटीत दाखवायचं, पुन्हा वाद घालायचा. शेवटी दुःख उरतंच. मुलगा नापास झाल्याचं वाईट वाटायलाच हवं. वाईट वाटण्यात आणि खचण्यात जो फरक आहे, तेवढाच या पद्धतीला साधायचा असतो.

पण हा वाद घालायला डोकं चालावं लागतं, आणि ज्याला अंघोळीला उठवत नाही त्याच्या हातात वही देणं क्रूरपणाचं आहे. माझ्या मते भावकीतला सल्ला फसतो तो इथेच.

गोव्याचे दोन प्रयोग मला या बाबतीत फार बोलके वाटतात. दोन्हींमागे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात सरकारी बाह्यरुग्ण विभागातल्या 450 जणांपैकी काहींना फ्लुओक्सेटिन हे नैराश्याचं औषध दिलं, काहींना बनावट गोळी, काहींना समुपदेशन. पहिल्या दोन महिन्यांत औषध सरस ठरलं, समुपदेशन बनावट गोळीच्या पुढे गेलं नाही. पटेलांनी तिथे हात टेकले नाहीत. ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नवा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2017 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. या वेळी रुग्ण बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते आणि समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले साधे लोक. सहा ते आठ भेटी. विचारांशी कुस्ती जवळपास नाहीच. भर कृतीवर: सुटलेली कामं पुन्हा एकेक करून धरायची, माणसांत जायचं, अडचण फोडून सोडवायची. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्णांचे त्या प्रश्नावलीतले गुण दहाच्या खाली आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. विचार बदलायचे तर आधी पाय हलवावे लागतात, असं यातून मी समजतो. नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या वाटेवर रोज ठरल्या वेळी एक फेरी मारणं हे या उपचाराचं पहिलं पान असू शकतं.

दोन्ही उपायांची समोरासमोर तुलनाही झाली आहे. 2005 साली फिलाडेल्फिया आणि नॅशव्हिल इथल्या 240 मध्यम ते तीव्र रुग्णांत सोळा आठवड्यांनी औषध आणि विचारोपचार दोन्हींचा गुण 58 टक्क्यांना आला. आठव्या आठवड्याला औषध किंचित पुढे होतं. त्यानंतरच्या वर्षभरात मात्र औषध थांबवलेल्यांपैकी 76 टक्क्यांना आजार उलटला, विचारोपचार संपवलेल्यांपैकी 31 टक्क्यांना. विचार बदलायला शिकलेला माणूस ते शिकणं घरी घेऊन जातो. पण त्या चाचणीतले थेरपिस्ट अनुभवी होते, हे विसरून चालणार नाही. यूट्यूबवरच्या व्याख्यानाला हे आकडे लागू होत नाहीत.

तर मग आपल्या माणसाचं काय? प्रश्नावलीतले गुण दहा-बाराच्या आसपास असले, तो कामावर जात असला, तर समुपदेशनाने सुरुवात करून सहा-आठ आठवडे वाट पाहणं रास्त. अन्न तुटलं, झोप गेली, अंथरूण सुटेना, तर आधी गोळी, आणि डोकं थोडं वर आलं की वही. मरणाच्या गोष्टी बोलू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही.

अडचण असते ती रोजगाराची. समुपदेशनाची प्रत्येक भेट म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा, खासगीत फी वेगळी; गोळी त्या मानाने स्वस्त. म्हणून अनेकदा निवड आजार करत नाही, खिसा करतो. कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरलं की 1990 पासून चालणारी डॉ. नाडकर्णींची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही तिथेच आहे. आणि गाडीही पकडवत नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा, स्वतःसाठी नसला तरी टोळीतल्या कुणासाठी.