लाकूड आत सरकलं, आणि तिथेच कुजलं

शके 930, म्हणजे इ.स. 1008 मध्ये शिलाहार राजा रट्टराजाने एका शिवमंदिराला दान दिलं. त्यात परदेशी बेटांहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं नेमलेलं होतं. हा ताम्रपट मिळाला खारेपाटणात, विजयदुर्ग खाडीच्या पार आतल्या टोकाला. आज मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याला इथे कधीकाळी बंदर होतं, याची शंकाही येत नाही.

त्या काळचं जहाज म्हणजे नखशिखांत लाकूड. पुढची साडेसातशे वर्षंही त्यात फारसा फरक पडला नाही. खाडीच्या मुखाजवळ, गिर्ये इथे, आंग्र्यांनी खडक फोडून गोदी केली. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचा एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला (तेही आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडून आणलेलं!) आणि बघता बघता शेजारची गलबतंही पेटली. तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या आगीत संपलं.

आग मात्र क्वचितच लागायची. रोजचा वैरी होता टेरेडो, शिंपल्याच्या कुळातला, फळी आतून पोखरणारा किडा. त्याला खारं पाणी लागतं. म्हणूनच खारेपाटणासारखी आतली बंदरं लाकडाला सोयीची. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत उतरलं की हा किडा तग धरत नाही. बुरशीचं नेमकं उलट आहे. मीठ तिला रोखतं, गोडं पाणी मानवतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर जाऊन तसाच राहिला की ती कामाला लागते.

जुन्या नाखव्यांना हा त्रास तुलनेने कमी होता. सगळं उघड्यावर, वारा लागलेलं, खाऱ्या पाण्याने धुतलेलं, वरून माशाच्या तेलाचा हात. साग असेल तर विचारूच नका. वाडियांनी मुंबईत बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात उतरलं. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत आजही तरंगतं आहे.

मग फायबरग्लास आलं आणि लाकडाची माघार सुरू झाली. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची बोट 2009 मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नौदल अधिकारी दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. तिच्या अंगात लाकूड आहे, पण गाभ्यात. दोन्ही बाजूंनी काच-तंतू आणि इपॉक्सीत बंद. हल्लीच्या हौशी शिडाच्या बोटींत तर उघडं लाकूड उरतं ते केवळ देखणेपणासाठी: दाराची चौकट, कपाटाची कड, कोपऱ्यातली पट्टी.

आणि त्यातलं पहिलं कुजतं ते न्हाणीघरातलं. समुद्राचा यात फार दोष नसतो. आंघोळीचं पाणी गोडं, त्यात साबण, खोली कपाटाएवढी, वारा नाही. पाणी पट्टीच्या खालच्या टोकातून, जिथे लाकडाचे रेषे उघडे पडतात तिथून, वर चढतं. शिवाय पट्टी सागाची असली तरी पाठीमागचं प्लायवूड बहुधा स्वस्तातलं. पट्टी चकचकीत दिसते. मागे भुगा झालेला असतो.

ती बदलणं तसं तासाभराचं काम वाटतं, पण वेळ जातो तो ओल शोधण्यात. स्क्रूंवरची लाकडी बुचं काढायची, पट्टी न मोडता सोडवायची (नव्या पट्टीचा साचा तीच), मागचं सगळं वाळू द्यायचं. घाईने ओल्यावरच नवीन पट्टी ठोकणारे सुतार किनाऱ्यावर कमी नाहीत. प्लाय घालायचं तर आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय घ्यावं. पट्टीची टोकं आणि स्क्रूची भोकं आधी इपॉक्सी पाजून बंद करावीत, स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. लोखंडी स्क्रूने सागाला काळे डाग पडतात. काही जण वैतागून प्लास्टिकची पट्टी लावतात. दिसायला बेंगरूळ, पण न्हाणीघराच्या तळाशी तीच शहाणपणाची.

मालवण-देवगडकडे जुनी बोट घ्यायला जाणाऱ्याने इंजिन मागाहून ऐकावं. आधी न्हाणीघराच्या उंबऱ्याची पट्टी अंगठ्याने दाबून पाहावी. अंगठा रुतला, तर किंमत तिथूनच पाडायला सुरुवात करावी.