दोनशे टोन, चार बटणं!

गेल्या गणपतीतली गोष्ट. जालन्यात आमच्या कॉलनीचा मांडव, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर अख्खी कॉलनी आणि स्टेजवर मी. गळ्यात गिटार, पायाशी नवाकोरा डिजिटल प्रोसेसर. त्यात दोनशेच्या वर टोन आणि त्याचे हप्ते अजून चालू! गायक काकांनी मान हलवली, ऑक्टापॅड सुरू झाला आणि मी खाली वाकून बटणं दाबतेय. प्रीसेट 14... नको. 37... अंहं. 112... हा तर मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखा. साउंडवाले भाऊ लांबूनच ओरडले, "ताई, वाजवा ना! कामून थांबल्या?" तोवर पहिला अंतरा संपला होता.

शेवटी एक टोन सापडला. घरी हेडफोनवर ज्याने अंगावर काटा आला होता, तोच. पण मांडवात तो कोणालाच ऐकू आला नाही. कार्यक्रम संपल्यावर आईने प्रेमाने विचारलं, "तू मध्ये मध्ये वाजवत होतीस का गं?"

बॉस, तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतलाय.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची स्टोरी सारखीच असते. 2008 मध्ये 'रॉक ऑन' आला तेव्हा आपण शाळेत किंवा कॉलेजात. मग गिटार घेतली, नोकरी लागली, गिटार भिंतीवर गेली. आता वीकेंडला ती उतरवावीशी वाटते. पण खरा अँप घ्यायचा म्हणजे? फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 85 वॉटचा आणि वजन जवळपास 30 किलो. शिवाय हे जुने अँप आजोबांच्या रेडिओसारखे व्हॉल्व्हवर चालतात आणि आवाज चांगला मोठा केला, की मगच खरे खुलतात. टू बीएचकेमध्ये हा प्रयोग एकदाच करता येतो. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात!

म्हणून मॉडेलिंग. खऱ्या अँपचं सर्किट कसं वागतं याचं गणित चिपमध्ये बसवायचं आणि तोच आवाज हेडफोनमध्ये काढायचा. लाइन 6 कंपनीचा राजम्याच्या आकाराचा लाल पॉड 1998 मध्ये आला आणि हा प्रकार घरोघरी गेला. आज तर न्यूरल अँप मॉडेलरसारखं सॉफ्टवेअर चक्क फुकट मिळतं. खऱ्या अँपमध्ये काय आत गेलं आणि काय बाहेर आलं, ते ऐकून कॉम्प्युटर त्याची नक्कल शिकतो. आणि नक्कल अशी, की भले भले फसतात.

प्रॉब्लेम आवाजाचा नाहीच, प्रॉब्लेम मेनूचा आहे. दोनशे भाज्यांचं हॉटेलचं कार्ड बघून आपण शेवटी काय मागवतो? पनीर बटर मसाला! इथेही तसंच करा. कारण ही सगळी मंडळी एकमेकांची चुलत भावंडं आहेत. लंडनच्या जिम मार्शलने 1962 मध्ये पहिला अँप बनवला, तोच मुळी फेंडरच्या बेसमन अँपचं सर्किट समोर ठेवून. माझ्या मते घराणी चारच.

पहिलं फेंडर. घंटीसारखा स्वच्छ आवाज, मधला भाग थोडा मोकळा, म्हणजे गायकाला जागा. ट्विन किंवा डिलक्स रिव्हर्बचं मॉडेल निवडा, थोडा रिव्हर्ब टाका, झालं. ऑर्केस्ट्रातली निम्मी गाणी यावरच निघतात. कोरस लावून झुळझुळणारी गिटार हवी असेल तर रोलंडचा 1975 चा जॅझ कोरस. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत, त्यामुळे कितीही वाढवा, स्वच्छच राहतो. दोन्हींपैकी एकच ठेवायचा.

दुसरं व्हॉक्स, म्हणजे एसी 30. बीटल्सचा अँप आणि क्वीनच्या ब्रायन मेचाही. क्वीन म्हटलं की आपली कॉलर थोडी ताठ होते, कारण त्यांचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. तिथे त्याचा हेक्टिक्स नावाचा बँडही होता, आणि त्यात तो पियानो वाजवायचा. असो. या अँपची गंमत बोटांत आहे. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोरात तार छेडली तर किंचित फाटतो. म्हणून गेन अर्ध्यावरच थांबवा. एक टोन घेऊन निर्जन बेटावर जा म्हटलं, तर मी हा घेऊन जाईन.

तिसरं मार्शल. ज्याला आपण 'रॉकचा आवाज' म्हणतो तो हाच. प्लेक्सी किंवा 1981 ला आलेला जेसीएम 800. (मार्शलच्या एका मॉडेलचं नावच '1959' आहे. ते वर्ष नाही, नुसता मॉडेल नंबर. मी त्यावरून एकाशी तासभर वाद घातला आणि हरले.)

चौथं घराणं म्हणजे राडा. मेसा बूगीचा रेक्टिफायर किंवा एडी व्हॅन हेलनसोबत बनवलेला पीव्हीचा 1992 चा 5150. आमचं जालना सळयांचं गाव, तेव्हा मेटल वाजवणं हा आमचा हक्कच! पण गेन दहावर नेऊ नका. हेडफोनमध्ये जो भन्नाट वाटतो त्याच्या निम्म्यावर या, रिफ जास्त ठसठशीत ऐकू येईल.

आता तुमच्या प्रोसेसरमध्ये ही नावं दिसणारच नाहीत. ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे सगळे टोपणनावांनी वावरतात. लाइन 6 च्या हेलिक्समध्ये एसी 30 'एसेक्स' होऊन बसलाय, ट्विन 'यूएस डबल', रेक्टिफायर 'कॅली रेक्टिफायर' आणि 5150 चक्क 'पनामा'. साधारण फंडा असा: 'ब्रिट' दिसलं की बहुधा मार्शल, 'कॅली' दिसलं की मेसा. बाकीसाठी मॅन्युअल उघडा. हो, तेच, जे खोक्यात राहून गेलंय.

आणि सोलोसाठी पाचवा अँप शोधू नका. आहे त्याच टोनचा व्हॉल्यूम दोन-तीन डेसिबल वाढवा, थोडा डिले टाका. पुरे.

हे चार निवडून मी सुटले असं वाटलं होतं. पण मांडवात माझा आवाज गायब का झाला, हे कोडं राहिलंच होतं. त्याचं उत्तर अँपमध्ये नव्हतं, माझ्या कानात होतं. बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात आपल्याला बास आणि वरची धार कमी ऐकू येते. मग रात्री अकराला, आई झोपलेली असताना टोन सेट करताना आपण काय करतो? बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड उतरवतो. एकटं असताना जाम भारी वाटतं. स्टेजवर मात्र बास कीबोर्डवाला खातो, ट्रेबल झांजा खातात. गिटारसाठी उरतो तो मधला पट्टा, आणि तोच आपण आधी कापून टाकलेला असतो. म्हणून मिड कधीच पाचच्या खाली नको. टोन सेट करायचा तर दुपारी, घर रिकामं असताना, स्पीकरवर, मोठ्या आवाजात आणि मागे गाणं लावून.

दुसरी चूक त्याहून बाळबोध होती. मी स्पीकर कॅबिनेटचं मॉडेल बंद ठेवलं होतं. गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, वरची सगळी किरकिर तो गिळतो. मांडवातले साउंडवाल्यांचे स्पीकर गायकासाठी असतात, ते सगळंच वाजवतात. चटणी वाटल्याचा आवाज तिथून येत होता! मिक्सरला किंवा हेडफोनला जोडताना कॅबिनेट चालू, खऱ्या गिटार अँपच्या स्पीकरला जोडताना बंद. आणि ते बदलून बघा. व्हॉक्सला सेलेस्टियन ब्लू, मार्शलला ग्रीनबॅक, राड्याला व्हिंटेज 30. अँपपेक्षा याने जास्त फरक पडतो, शपथ.

यंदा साउंडवाल्या भाऊंना मी दुपारीच गाठणार आहे. चारही टोन सारख्याच मोठ्या आवाजाचे करून ठेवलेत, म्हणजे बटण बदललं की त्यांना मिक्सरकडे धावावं लागणार नाही. बटणांवर पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनाने लिहिलंय: घंटी, व्हॉक्स, मार्शल, राडा. बाकीचे टोन डिलीट केले नाहीत, पण त्या पानावर जायचंच नाही असं ठरवलंय. राडा एकदाच वापरायचाय, शेवटच्या गाण्याला. गायक काकांची परवानगी अजून मिळालेली नाही.