मानाची गदा बाईच्या खांद्यावर

आज बचत गटाचा हिशोब नाही, कर्जाचा हप्ताही नाही. आज बोलूया कुस्तीवर. हो, कुस्तीवरच! आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत जत्रा भरली की कुस्त्यांचा फड लागतो. पुरुष कडं करून बसतात, इनाम पुकारलं जातं. आपण तेव्हा कुठे असतो? पाळण्याजवळ, बांगड्यांच्या दुकानाजवळ. फार तर लांबून पाहतो. पण त्याच कुस्तीत आता बायकांनी मानाचा किताब मिळवला आहे. तो कसा आला, एवढंच आज सांगते.

महाराष्ट्रात कुस्तीचा सगळ्यात मोठा मान म्हणजे 'महाराष्ट्र केसरी'. ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. जिंकणाऱ्याला गदा मिळते. ज्याच्या खांद्यावर ती गदा, त्याचं नाव गावोगावी. पण हा मान फक्त पुरुषांचा होता. बायकांसाठी 'महिला महाराष्ट्र केसरी' सुरू व्हायला २०२३ साल उजाडलं. म्हणजे मध्ये ६२ वर्षं गेली. तेवढ्यात आजीची नात आई झाली!

मग त्याआधी बायका कुस्ती खेळतच नव्हत्या का? खेळत होत्या. हमीदा बानू हे नाव ऐका. ही उत्तर प्रदेशातली पैलवान. १९५४ साली तिने जाहीर आव्हान दिलं, जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्याला तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. चहाला उकळी यायच्या आत कुस्ती संपली! पण कौतुक सगळीकडे झालं नाही. पुण्यात एका पुरुष पैलवानाबरोबर ठरलेली तिची कुस्ती विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात तिने पुरुषाला हरवलं, तर लोकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले.

ही हमीदा बानू पुढे राहिली कुठे, माहीत आहे? आपल्या कल्याणला. जिथे आपण रेल्वे पकडायला, बाजाराला जातो, तिथे. तिथे तिचा दुधाचा धंदा होता. उतारवयात रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकून तिने दिवस काढले. अंगात ताकद होती, डाव होते, नाव होतं. नव्हता तो बायकांचा किताब. तिच्या जोडीच्या बायका, त्यांची स्पर्धा, पंच, नियम, यातलं काही नव्हतं. म्हणून तिची कुस्ती लोकांना तमाशासारखी वाटली.

किताब म्हणजे नुसती गदा नव्हे, बरं का. किताब असला की दरवर्षी स्पर्धा होते, जिल्ह्यातून मुली निवडल्या जातात, वजन करून जोडी लावली जाते. ३-३ मिनिटांचे दोन डाव होतात आणि गुण मोजले जातात. समोरच्या मुलीला खाली पाडून ताबा घेतला की २ गुण. दोन्ही खांदे मॅटला टेकवले की चितपट, कुस्ती तिथेच संपली. १० गुणांची आघाडी झाली तरी निकाल लागतो. मग "बाई कशी जिंकली?" असं कोणी म्हणू शकत नाही. सगळं पंचांच्या कागदावर असतं, आपल्या गटाच्या वहीसारखं.

मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. शेवटच्या कुस्तीत सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील समोरासमोर आल्या. प्रतीक्षा जिंकली. आपल्या ठाणे जिल्ह्याची वैष्णवी हरली, पण थांबली नाही. २०२५ साली क्रोएशिया देशात झालेल्या जागतिक स्पर्धेत ती ६५ किलो गटात भारताकडून उतरली. त्याच वर्षी जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला भाग्यश्री फंडने अमृता पुजारीला हरवून महिला महाराष्ट्र केसरीचा मान मिळवला. कल्याणला हमीदा बानूने दूध विकलं आणि त्याच कल्याणची मुलगी देशासाठी परदेशात कुस्ती खेळली. एवढा फरक पडतो, बायांनो.

बाहेरच्या जगातही हे उशिरानेच झालं. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती २००४ पासून आहे. त्यात जपान सगळ्यांच्या पुढे. तिथल्या काओरी इचोने लागोपाठ चार ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. आपल्या साक्षी मलिकने २०१६ साली कांस्यपदक आणलं.

आता आपलं काम. शालेय क्रीडा स्पर्धांत मुलींची कुस्ती असते, आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. तुमच्या पाड्यावरची एखादी मुलगी म्हणाली, मला कुस्ती खेळायची, तर "हात-पाय मोडशील, लग्न कसं होईल?" हे पहिलं वाक्य गिळून टाका. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना भेटा. दूध, अंडी, शेंगदाणे, कडधान्य तिच्या ताटात भावाइतकंच पडतं का, ते बघा.

आणि डोळे मिटून पाठवूही नका. २०२३ साली साक्षी मलिक, विनेश फोगाट यांच्यासारख्या पैलवान मुली दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसल्या होत्या. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी लैंगिक छळ केल्याची त्यांची तक्रार होती. एवढ्या नावाजलेल्या मुलींवर ही वेळ येते, तर आपण विचारलंच पाहिजे. आखाड्यात बाई प्रशिक्षक आहे का? कपडे बदलायला वेगळी खोली आहे का? बाहेरगावी स्पर्धेला सोबत कोण जाणार? एकट्या आईला हे विचारायला जड जातं. गटाच्या चार जणी मिळून गेल्या, तर उत्तर द्यावंच लागतं.

येत्या जत्रेत फड लागला की मागे उभ्या राहू नका. पुढे जाऊन बसा, मुलींना शेजारी बसवा. आणि जत्रा कमिटीला विचारा, यंदा मुलींची एक तरी जोड लावणार का? इनाम कमी पडलं, तर आपला गट काय तो विचार करेलच.

येते आता. नमस्कार.