फुटलेले कपाट आणि १८० दिवसांची मुदत

पुण्याहून किंवा मुंबईहून नंदाखालला बिऱ्हाड हलवताना सामानाची खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात होते. वाडीपर्यंतची वाट अरुंद असली की ट्रकमधील सामान लहान टेम्पोत उतरवावे लागते. या दुहेरी चढ-उतारात कपाटाची काच तडकते, फ्रिजला पोचा पडतो, एखादे खोके गायब होते. ‘सामान सुस्थितीत मिळाले’ या कागदावर सही मात्र घाईघाईत झालेली असते. त्याच कागदावर नुकसानीचा शेरा लिहिणे, छायाचित्रे काढणे, एवढी दक्षता पुढे फार उपयोगी पडते.

वास्तविक कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. १८६५चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे त्यात तक्रारदारावर टाकलेले नाही. पण दावा करण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे, आणि तीही सामान नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत. जुन्या कायद्यात नुकसान कळल्यापासून सहा महिने मिळत. आता घड्याळ नोंदणीच्या दिवशीच सुरू होते. नव्या सदनिकेचा ताबा लांबला म्हणून सामान चार महिने गोदामात पडून राहिले, तर नोटिशीसाठी जेमतेम दोन महिने उरतात. दूरध्वनीवरील आश्वासनांत ते सहज निघून जातात. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी.

भरपाईलाही मर्यादा आहे. बिल्टी करताना जादा मूल्य जाहीर करून जोखमीचा जादा दर भरलेला नसेल, तर वाहतूकदाराचे दायित्व भाड्याच्या दहापटीपुरते राहते. म्हणजे १८,००० रुपये भाड्यावर फार तर १,८०,००० रुपये. बिलातील ‘विमा’ या शब्दावर विसंबू नये. विमा कंपनीची पॉलिसी हाती नसेल, तर तो विमा नव्हे.

कंपनीने दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्यानुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले तरी हरकत नाही. मुदत दोन वर्षांची असून, मोजलेले भाडे पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क लागत नाही.

ठरलेल्या भाड्यापेक्षा जादा पैसे उकळण्यासाठी सामान अडवून ठेवण्याचा प्रकार मात्र निराळा. सामानाचा असा अप्रामाणिकपणे अपहार झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६ लागू होऊ शकते. वाहतूकदारासाठी त्यात सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ठरलेल्या दराचा लेखी कागद सोबत घेऊनच पोलीस ठाणे गाठावे.