धुऱ्यावरच्या निंबाचे पैसे

"भाऊ, माह्या धुऱ्यावर चाळीस निंबं हायेत. कार्बनचे पैसे कधी भेटतीन?"

दर्यापूरपासून बाळापूरपर्यंत कुठेही चार शेतकऱ्यांत बसलो की हा प्रश्न येतोच. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत एकरी रक्कम छातीठोकपणे सांगितलेली असते. कुणीतरी सातबाऱ्याची झेरॉक्स आणि आधार क्रमांक आधीच घेऊन गेलेलं असतं. माझं उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो, तरी ते दरवेळी तेच द्यावं लागतं. त्या चाळीस निंबांचे पैसे मिळणार नाहीत.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेतून शोषला गेल्याचा, किंवा हवेत जाण्यापासून वाचल्याचा, तपासून दिलेला दाखला. एखादी कंपनी तो विकत घेते आणि स्वतःच्या धुराच्या हिशोबातून तेवढा टन वजा करते. आता निंबाकडे पाहा. तो तुमच्या आजोबांनी राखला. कंपनीने पैसे दिले किंवा न दिले, तरी तो उभाच राहणार होता. मग त्या पैशाने हवेतला नेमका कोणता टन कमी झाला? एकही नाही. क्रेडिट मिळतं ते प्रकल्पामुळे जो बदल झाला त्याचं. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या झाडं सांभाळली त्याला काही नाही आणि ज्याचा धुरा उघडा आहे त्याला संधी, हे मनाला लागतं. मलाही लागतं. पण बाजाराचा पाया हाच आहे.

यावर लगेच विचारलं जातं, "मग तोडून पुन्हा लावू का?" कृपा करून असं करू नका. प्रकल्पाआधी जमिनीवर काय होतं हे उपग्रहाच्या जुन्या छायाचित्रांत दिसतं, आणि तोडलेलं झाड हिशोबात तुमच्याविरुद्धच जातं.

हे नियम कुणाची खोड म्हणून कडक नाहीत. 2023 च्या जानेवारीत 'द गार्डियन' आणि जर्मनीच्या 'डी त्साइट' या वृत्तपत्रांनी व्हेरा या मोठ्या नोंदणी संस्थेची वर्षावनांवरची क्रेडिट्स तपासली. त्यातली बहुसंख्य क्रेडिट्स प्रत्यक्ष घट दाखवत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्हेराने तो फेटाळला, पण खरेदीदारांचा विश्वास हलला. त्याच्याही आधी, क्योटो करारातून निघालेल्या क्रेडिटचा भाव 2008 मध्ये 20 युरोच्या वर होता आणि 2012 संपताना एका युरोच्याही खाली घसरला. 'हमखास उत्पन्न' म्हणणाऱ्याला हे दोन आकडे ऐकवावेत.

बरं, नवीन झाडं लावली तर? तेव्हाही आधी गणित करा. वाळलेल्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि एक किलो कार्बन म्हणजे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड. सुकं वजन 100 किलो भरेल एवढं झाड झालं, की त्यात सुमारे 183 किलो कार्बन डायऑक्साइड साठला. म्हणजे एका क्रेडिटला अशी साडेपाच झाडं लागतात, आणि ती तेवढी व्हायला कित्येक वर्षं जातात. खारपाणपट्ट्यात तर झाड जगवणं हेच आधी कष्टाचं.

मातीचं गणित याहून बोलकं आहे. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी कमीच. समजा शेणखत घालून, पऱ्हाटी न जाळता तिचा भुगा मातीत मिसळून, नांगरट कमी करून तुम्ही तो 0.40 वरून 0.50 टक्क्यांवर नेला. एका एकरात वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन सुमारे 790 टन. त्याचा 0.1 टक्का म्हणजे 0.79 टन कर्ब, म्हणजेच 2.9 टन कार्बन डायऑक्साइड. एकरी तीनही क्रेडिट पूर्ण होत नाहीत. उन्हाळ्यात तापणाऱ्या आपल्या कोरडवाहू मातीत एवढी वाढ एका हंगामात होत नाही, वर्षं लागतात. क्रेडिटला हजार रुपये धरले तरी त्या सगळ्या वर्षांचे मिळून 2,900 रुपये. त्यातून मोजणी, त्रयस्थ तपासणी आणि मधल्या कंपनीचा वाटा जायचा. 2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये होता. म्हणजे ही रक्कम अर्ध्या क्विंटल कापसाचीही झाली नाही.

तरीही कर्ब वाढवाच, असं मी कळकळीने सांगतो. पावसाने तीन आठवडे दडी मारली की ज्या वावरात कर्ब जास्त, तिथली तूर तग धरते. खरी कमाई तिथे आहे. क्रेडिट आलंच तर वरकड समजा.

आणखी काही समज, थोडक्यात.

"सरकार क्रेडिट विकत घेतं." नाही. 2022 च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानंतर जून 2023 मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यात सरकारचं काम नियम आणि देखरेखीचं. कृषी मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. तेही अनुदान नव्हे.

"भातवाल्यांना मिळतात, मग आम्हाला का नाही?" भाताच्या बांधीत साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो, आणि पाणी आलटून पालटून दिलं की तो घटतो. कपाशी-सोयाबीनच्या वावरात ती बाबच नाही.

"कंपनी जमीन हडपते." क्रेडिटच्या करारात जमिनीची मालकी जात नाही. पण कार्बनवरचा हक्क वीस-तीस वर्षांसाठी लिहून दिलेला असू शकतो, आणि मध्येच झाड तोडलं तर भरपाई कुणी करायची हेही त्यात असतं. ते कलम वाचायचं.

"मेळघाटचं जंगल म्हणजे वनखात्याचं क्रेडिट." जिथे 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क मिळाले, तिथे ग्रामसभेला डावलून करार होऊ नये. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरसारख्या गावाने उघड्या टेकडीवर स्वतः जंगल उभं केलं. त्याच्या सौद्यावर पहिला शब्द त्या गावाचाच.

"कार्बनचा बाजार फक्त शेतकऱ्यांचा." उलट केंद्राच्या योजनेत बंधन आहे ते उद्योगांवर, आणि त्यांत वस्त्रोद्योगही आहे. नांदगाव पेठेत पीएम मित्र हा वस्त्रोद्योगाचा पार्क उभा राहतो आहे. आपला कापूस जिथे सूत होईल, तिथल्या गिरणीला इंधनाचा हिशोब आज ना उद्या मांडावाच लागेल.

दारात आलेल्या माणसाला चार गोष्टी विचारा. प्रकल्प कोणत्या नोंदणी संस्थेकडे आहे आणि त्याचा क्रमांक काय? विकलेल्या क्रेडिटमधला शेतकऱ्याचा वाटा किती टक्के? तपासणीचा खर्च कोण करणार? कराराची मराठी प्रत कुठे आहे? मोठ्या नोंदणी संस्थांची यादी इंटरनेटवर सर्वांना खुली असते. गावातली कॉलेजला जाणारी पोरगी पाच मिनिटांत तो क्रमांक शोधून दाखवेल. तो सापडेपर्यंत सातबारा घरातच राहू द्या.