टाकी भरली, की काटाच खोटा?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक खाडीत उन्हाळा सुरू झाला की शिडाच्या आणि इंजिनावर चालणाऱ्या छोट्या बोटींची गर्दी होते. दहा-बारा मीटर लांबीच्या अशा बोटीत झोपायला दोन-तीन जागा, छोटा ओटा आणि एक संडास असतो. या संडासातला मैला कोणतीही प्रक्रिया न करता खाडीत सोडायला कायद्याने बंदी आहे. म्हणून बहुतेक बोटमालक तो बोटीच्या पोटातल्या एका बंद टाकीत साठवतात आणि धक्क्यावर परतल्यावर पंपाने उपसून घेतात. टाकी किती भरली, हे सांगायला केबिनमध्ये एक काटा असतो, मोटारीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखा. पेट्रोलचा काटा वर्षानुवर्षे चालतो. मैल्याच्या टाकीचा काटा मात्र एखाद्या हंगामातच बेभरवशाचा होऊ शकतो. नुकतीच उपसलेली टाकी तो ‘पूर्ण भरलेली’ दाखवतो, नाहीतर टाकी काठोकाठ भरली तरी ‘अर्धी’वर अडून बसतो.

ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. पण थोडा हिशेब करून पाहावा. टाकी ७५ लिटरची आहे आणि दर वापराला सरासरी ३ लिटर पाणी लागते असे धरले, तर ती २५ वेळांत भरते. बोटीवर चौघे जण असतील आणि प्रत्येक जण दिवसातून पाच-सहा वेळा संडासात जात असेल, तर ही टाकी जेमतेम एक दिवस पुरते. अशा वेळी काटा ‘अर्धी’ म्हणतो म्हणून पंप मारत राहिले, तर मैला हवेच्या नळीतून बाहेर येतो, जोडांमधून झिरपतो किंवा दाबाने एखादी नळी सुटून केबिनमध्ये पसरतो. दुसरी शक्यता याहून वाईट आहे. काट्यावर विश्वास उरला नाही की काही जण ‘कशाला जोखीम’ म्हणून अंधारात व्हॉल्व्ह उघडतात आणि टाकी सरळ पाण्यात रिकामी करतात.

शिंपल्यातून परत ताटात

माणसाच्या विष्ठेतून कॉलरा आणि टायफॉइडचे जिवाणू, हिपॅटायटिस ए म्हणजे कावीळ करणारा विषाणू आणि उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस पसरू शकतात. मोकळ्या समुद्रात थोडा मैला पातळ होऊन विखुरतो. पण छोट्या बोटी नांगर टाकतात त्या आडोशाच्या, शांत पाण्याच्या जागी. तिथे पाण्याची अदलाबदल कमी असते, लोक पोहतात आणि अनेक ठिकाणी शिंपलेही वाढतात.

शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात. चेसापीक खाडीतले एक मोठे कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटर पाणी गाळू शकते. पाण्यात विषाणू असतील, तर ते या गाळणीत साठत जातात. १९८८ मध्ये चीनमधल्या शांघायमध्ये हिपॅटायटिस एची मोठी साथ आली आणि सुमारे तीन लाख लोक आजारी पडले. सांडपाण्याने दूषित पाण्यातले शिंपले अर्धेकच्चे खाणे, हे तिचे कारण ठरले. मालवण-रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत तिसऱ्या आणि कालवे आवडीने खाल्ली जातात. ती नीट शिजवून खावीत, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी. नुसती वाफ देऊन शिंपला उघडला म्हणजे विषाणू मेला, असे होत नाही.

म्हणूनच या बाबतीत नियम कडक आहेत. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडता येत नाही. मोठ्या जहाजांसाठी ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट २००३ मध्ये लागू झाले. त्यानुसार टाकीत साठवलेला कच्चा मैला सर्वसाधारणपणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, जहाज निदान ४ नॉट वेगाने चालू असताना आणि तोही हळूहळूच सोडता येतो. हे नियम पाळायचे तर टाकीत किती जागा उरली आहे, हे आधी कळायला हवे.

काटा का फसतो?

काटा स्वतः काहीच मोजत नाही. टाकीतला सेन्सर जे सांगतो, ते तो दाखवतो. बिघाड बहुतेक वेळा सेन्सरमध्ये असतो, आणि त्याचे कारण टाकीतला मालच असतो.

सर्वांत जुनी पद्धत फ्लोटची. दांड्यावर वर-खाली सरकणारा किंवा आडव्या काडीवर डुलणारा फ्लोट पातळीप्रमाणे हलतो आणि विजेचा रोध बदलतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट उत्तम चालतो. मैल्याच्या टाकीत त्याच्या सांध्यात कागद अडकतो आणि दांड्यावर दगडासारखा थर बसतो. संडासात समुद्राचे पाणी वापरले जात असेल, तर त्यातले कॅल्शियम आणि लघवीतले क्षार मिळून हा थर आणखी लवकर तयार होतो. मग फ्लोट आहे त्या जागी चिकटतो. काटा दिवसचे दिवस एकाच ठिकाणी असेल, तर पहिला संशय फ्लोटवरच घ्यावा.

दुसऱ्या पद्धतीत टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूचे खिळे बसवलेले असतात. द्रव खिळ्यापर्यंत पोहोचला की वीज वाहते आणि दिवा लागतो. टाकी उपसल्यावरही भिंतीवर ओलसर, बुळबुळीत थर राहतो. मैला खारट असल्याने त्या थरातूनही वीज वाहते. रिकामी टाकी ‘भरलेली’ दिसते ती यामुळे.

तिसरी पद्धत ध्वनिलहरींची. टाकीच्या झाकणाला लावलेला सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. याला मैला लागत नाही, हा मोठा फायदा. पण पृष्ठभागावर फेस किंवा कागद असेल, अथवा सेन्सरवर वाफेचे थेंब साचले असतील, तर प्रतिध्वनी गडबडतो. शिवाय सेन्सरच्या अगदी जवळचे काही सेंटिमीटर अंतर त्याला मोजताच येत नाही. म्हणजे टाकी भरत आल्यावर, नेमके गरज असते तेव्हाच, तो अडखळू शकतो.

आधी निदान, मग खरेदी

काटा चुकला की नवा सेन्सर विकत आणण्याची घाई होते. डॉक्टर तपासल्याशिवाय औषध देत नाहीत. इथेही आधी बिघाड टाकीत आहे, तारेत आहे की काट्यात, हे ठरवावे. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो.

अमेरिकी पद्धतीच्या सेन्सरचा रोध टाकी रिकामी असताना सुमारे २४० ओहम आणि भरलेली असताना सुमारे ३३ ओहम असतो. युरोपीय पद्धतीत तो रिकाम्या टाकीला सुमारे १० आणि भरलेल्या टाकीला सुमारे १८० ओहम असतो. सेन्सर एका पद्धतीचा आणि काटा दुसऱ्या पद्धतीचा बसवला, तर काटा उलटा चालतो. टाकी भरेल तसा तो ‘रिकामी’कडे सरकतो. ‘नवा सेन्सर लावला तरी फरक नाही’ या तक्रारीमागे कधी कधी एवढेच असते.

अमेरिकी पद्धतीच्या काट्याची परीक्षा सोपी आहे. सेन्सरची तार काट्यापासून सोडवली की काटा ‘रिकामी’च्याही खाली गेला पाहिजे. काट्याचे तेच टोक क्षणभर अर्थिंगला टेकवले की तो ‘भरलेली’वर गेला पाहिजे. तसे झाले तर काटा ठीक आहे, दोष पुढे आहे. युरोपीय काट्यात हेच उलट होते. त्यानंतर टाकीजवळचे तारांचे जोड पाहावेत. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याला काळे पाडतो. काळवंडलेला किंवा गंजलेला जोड वाढीव रोध दाखवतो आणि काटा फसतो. असा जोड कापून नवा केला, तर दुरुस्ती अनेकदा तिथेच संपते.

तार आणि काटा ठीक असतील, तर टाकी धुवावी. धक्क्यावर ती उपसून घ्यावी, पावपट गोडे पाणी भरावे, बोट थोडी फिरवून पाणी हिंदकळू द्यावे आणि पुन्हा उपसावे. असे दोन-तीन वेळा केल्यावर काटा बऱ्याचदा सुधारतो. क्षारांचा थर व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने विरघळतो. मात्र आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

न शिवता मोजणे

धुऊनही महिन्याभरात तोच बिघाड परत येत असेल, तर दुरुस्तीपेक्षा मोजण्याची पद्धत बदलणे शहाणपणाचे. मैल्याला शिवणारा प्रत्येक सेन्सर आज ना उद्या बरबटणार. म्हणून जाणकारांचा कल बाहेरून मोजण्याकडे असतो.

टाकी प्लास्टिकची किंवा फायबरची असेल, तर तिच्या बाहेरच्या भिंतीवर धातूच्या पातळ पट्ट्या उभ्या चिकटवता येतात. आत द्रव असला आणि हवा असली, तर या पट्ट्यांमधील विद्युतधारणा वेगवेगळी असते. त्यावरून पातळी कळते. टाकीला भोक पाडावे लागत नाही आणि आत काही अडकत नाही. धातूच्या टाकीवर मात्र ही युक्ती चालत नाही.

धातूच्या टाकीसाठी हवेच्या दाबाचा उपाय आहे. एक बारीक नळी टाकीच्या तळापर्यंत सोडायची आणि छोट्या हातपंपाने तिच्यातून हवा फुंकायची. नळीतला द्रव बाहेर ढकलायला जितका दाब लागतो, तितकी द्रवाची उंची. १० सेंटिमीटर पाण्यासाठी जवळपास १ किलोपास्कल दाब लागतो. टाकीत विजेची तार नाही, हलणारा भाग नाही, आणि प्रत्येक मोजणीला नळीचे तोंड आपोआप साफ होते.

या पद्धतीला एक अट आहे. टाकीची हवेची नळी मोकळी हवी. तिच्यात कचरा अडकला किंवा किड्यांनी घर केले, तर टाकीत दाब साचतो आणि पातळी आहे त्याहून जास्त दिसते. शिवाय टाकी उपसताना आत हवा शिरू न शकल्याने तिच्या भिंती आत ओढल्या जातात. काटा चुकला म्हणून हवेची नळी तपासायचे सहसा सुचत नाही, पण ते अवश्य करावे.

अर्धी उंची म्हणजे अर्धी टाकी नव्हे

सेन्सर अचूक असूनही काटा फसवू शकतो, कारण सेन्सर उंची मोजतो आणि माणसाला हवे असतात लिटर. बोटीचा तळ निमुळता असतो, म्हणून टाकीही पुष्कळदा खाली अरुंद आणि वर रुंद असते. तिचा छेद खाली टोक असलेल्या त्रिकोणासारखा असेल, तर अर्ध्या उंचीपर्यंत फक्त पाव टाकी भरलेली असते. वर अरुंद होणाऱ्या टाकीत उलट घडते. काटा पाऊण दाखवतो तेव्हा उरलेली जागा पाव टाकीपेक्षा बरीच कमी असते.

उपाय बादलीचा आहे. स्वच्छ धुतलेल्या टाकीत, बोट धक्क्यावर सपाट उभी असताना, १०-१० लिटर पाणी मोजून ओतावे आणि दर वेळी काटा कुठे आहे ते कागदाच्या पट्टीवर लिहावे. ती पट्टी काट्याखाली चिकटवली की काटा लिटरमध्ये बोलू लागतो. ‘भरली’ ही खूण पाऊण टाकीवर करावी. बोट कलली की पातळीही कलते, तेव्हा ही शिल्लक जागा उपयोगी पडते.

डोकावू नका

या सगळ्यात एक गोष्ट कटाक्षाने टाळायची. किती भरली ते पाहायला टाकीत डोके घालू नये. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू त्याचे हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्याचा हा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास तो वायू गेला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे वास गेला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. प्रमाण ५०० भागांपलीकडे गेले की काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद, खोलगट जागेत साचून राहतो.

आपल्याकडे सेप्टिक टाकीत आणि गटारात उतरलेल्या कामगारांचे बळी जातात, त्यातही हाच वायू असतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवून सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. इमारतीच्या सेप्टिक टाकीची पातळी पाहायची असली, तरी बाहेरूनच, तपासणीच्या झाकणातून लांब काठी सोडून आणि तोंड बाजूला ठेवूनच पाहावी. कोणी आत बेशुद्ध पडले, तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच अनेकदा बळी ठरतात. लगेच अग्निशमन दलाला बोलवावे.

बोटमालकांसाठी शेवटची सूचना साधी आहे. टाकी उपसली की दर वेळी काटा शून्यावर येतो का, ते पाहावे आणि तारखेसह वहीत लिहावे. काटा शून्याच्या थोडा वर थांबू लागला, की बिघाड सुरू झाला असे समजावे. तेव्हाच टाकी धुतली, तर हंगामाच्या मध्यावर काटा दगा देण्याची शक्यता बरीच कमी होते.